रायचूरची भाकरी, केडगावची पंगत

पुण्याहून दौंडकडे जाताना यवत, खुटबाव मागे पडलं की केडगाव येतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाला आमच्या भागात सगळे नुसतं ‘मिशन’ म्हणतात. माझं माहेर जवळच, पारगावचं. त्यामुळे रमाबाईंचं नाव मी शाळेच्या पुस्तकाआधी घरातल्या बायकांच्या तोंडून ऐकलं.

त्यांच्याबद्दल सांगताना लोक १८७८ च्या कलकत्त्यापासून सुरुवात करतात. वीस वर्षांची मुलगी, अस्खलित संस्कृत बोलते, आणि तिथले विद्वान तिला ‘पंडिता’ नि ‘सरस्वती’ अशा पदव्या देतात. मला मात्र त्याच्या चार वर्षं आधीचं रायचूर जास्त महत्त्वाचं वाटतं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत. दक्षिणेत दुष्काळ पडला आणि होतं नव्हतं ते संपलं. अंगमेहनत करायची तर कुळाला कमीपणा, भीक मागायची तर जीभ उचलत नाही. रानात झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली आणि तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा त्या बाईनेच ओळखलं आणि भाकरी दिली. आई गेल्यावर तिरडीला खांदा द्यायला माणसं पुरेनात. रमा उंचीने कमी, म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. भूक आणि कुळाचा अभिमान एका घरात नांदले की काय होतं, ते या बाईने सोळाव्या वर्षी पाहिलं होतं.

तरी तो अभिमान लगेच सुटला नाही. त्यांनी १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली कायस्थाशी लग्न केलं. दोन वर्षांत ते गेले. १८८३ मध्ये इंग्लंडला जाऊन त्या ख्रिस्ती झाल्या, पण तिथल्या मठातही स्वतःचं जेवण वेगळं ठेवलं आणि धर्मगुरूंशीही बरोबरीने वाद घातला. याच मुक्कामात लंडनमधल्या फुलमला ‘वाट चुकलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना मायेने सांभाळणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, आणि ते दृश्य मनात रुतलं. तरीही १८८७ मध्ये अमेरिकेत छापलेल्या पुस्तकाच्या नावात होती ती उच्चवर्णीय हिंदू स्त्री. ११ मार्च १८८९ ला मुंबईत निघालेलं शारदा सदनही मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. पुढे कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदनात सोवळ्याची चाल सांभाळली जाई. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करते. पण गावकुसाबाहेरच्या पोरीला त्या पंगतीत जागा नव्हती.

ती जागा झाली केडगावला. शंभर एकर माळरान घेतलं होतं फळबागेसाठी, सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. अमेरिकेहून येणारा पैसा शारदा सदनासाठी होता, या मुलींसाठी हाती काही नव्हतं. तरी त्या मुलींना घेऊन आल्या. सदन एव्हाना पुण्याला आलं होतं, पण तिथे प्लेगचे निर्बंध, म्हणून थेट केडगावच्या माळावर. डोक्यात उवा, तोंडं आलेली, अंगावर फोड. त्यांना न्हाऊ घालणं, खाऊ घालणं, रात्री उशाशी बसणं यात पंडिताबाईंचं सोवळं कायमचं सुटलं. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि वस्ती दीड हजारावर गेली. विहिरी खणल्या, माग लावले, तेलाचे घाणे फिरू लागले. टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन झालं. फुलमला पाहिलेलं असं आमच्या तालुक्यात उभं राहिलं.

मुली ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्याने रमाबाईंना दूर लोटलं. त्याआधीच, १८९३ मध्ये, रानडे-भांडारकरांनी शारदा सदनाचं सल्लागारपद सोडलं होतं, त्यामागे पालकांच्या विश्वासाचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. पण त्या माळावरच्या पोरींना विचारायला तेव्हा दुसरं कुणीच आलं नाही, हेही तितकंच खरं.

शेवटची पंधरा-वीस वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात वाद घालणाऱ्या या बाईने मुद्दाम सोपी मराठी लिहिली, खेड्यातल्या नव्याने अक्षर ओळखणाऱ्या बाईला कळेल अशी. २४ जुलै १९२१ ला मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. तोवर मुद्रितं तपासून होत आली होती. ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला. तिथे खिळे जुळवायला याच आश्रमातल्या मुली आणि बायका होत्या.