घरांत शिरलेली रानबुरशी

अळंबें म्हटलें कीं पहिल्या पावसानंतरचें रान, वारूळ आणि कुजका पालापाचोळा डोळ्यांपुढें येतो. परंतु बुरशीची एक जात अशी आहे, कीं तिची ओळख मनुष्याला रानांत न होतां स्वतःच्या घरांत झाली. ऑस्ट्रियांतील अभ्यासक व्हुल्फेन यानें १७८१ सालीं तिचें वर्णन केलें आणि तिला ‘लॅक्रिमान्स’, म्हणजे अश्रु ढाळणारी, असें नांव दिलें. वाढीच्या भरांत तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. नांव काव्यमय आहे. करणी तशी नाहीं.

इंग्रज सुतार तिच्या रोगाला ‘ड्राय रॉट’, म्हणजे कोरडी कूज, म्हणत. हें नांव फसवें होय. लांकडांत शेंकडा २० हून अधिक ओल असल्याखेरीज तिचें पाऊल टिकत नाहीं. गळकी पन्हळ, फुटका नळ, बुजवलेला झरोका, एवढें निमित्त तिला पुरतें. मग ती करड्या दोऱ्या सोडते. त्या विटांवरून, गिलाव्यामागून सरकत, पाणी व अन्न वाहून नेत दूरची निरोगी तुळई गांठतात. भिंतींतला चुना तिला अडवण्याऐवजीं साह्यच करतो. तिच्या अंगांतून स्रवणारें ऑक्झॅलिक आम्ल तो मारतो. लांकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकतें आणि चिमटींत धरतांच त्याचा भुगा होतो. घरधन्याला पुष्कळदां प्रथम दिसते ती टेबलावर बसलेली विटकरी धूळ. ते तिचे बीजकण असतात.

बायबलांतील ‘लेवीय’ ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायांत भिंतींवर उठणाऱ्या हिरवट-तांबूस चट्ट्यांचा उल्लेख असून, चट्टे परतले तर घर पाडावें असा दंडक आहे. ती हीच बुरशी असें कांहीं लेखक म्हणतात. पण हा तर्क दुबळा वाटतो. २८ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास हिची वाढ थांबते. त्या प्रदेशाच्या उन्हाळ्यांत ती कशी टिकावी? मुंबईच्या चाळी तिच्या तावडींतून सुटल्या त्याही उष्म्यामुळेंच. तेथें वाळवी आहे ही गोष्ट वेगळी.

सप्टेंबर १९४० मध्यें लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला आणि तिचे दिवस आले. छप्परें उडालीं, आगी विझवतांना घरें भिजलीं, कित्येक तर वर्षानुवर्षें बंद व बिनदुरुस्त राहिलीं. युद्धानंतर जिकडेतिकडे कूज निघूं लागली. उपाय एकच रूढ होता: रोगाच्या पलीकडचें हातभर चांगलें लांकूडही कापून जाळावें आणि गिलावा खरवडून काढावा. बाँबांतून वांचलेली कारागिरी अशा वेळीं करवतीखालीं जाई.

हिचें मूळ रान कोठें, हा प्रश्न फार काळ अनुत्तरित राहिला. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील बागची यांनीं ती हिमालयाच्या जंगलांत मिळाल्याची नोंद १९५४ सालीं प्रसिद्ध केली. १९९० नंतर युरोपीय संशोधकही तिच्या शोधांत सिमल्यापलीकडे नारकंड्याच्या परिसरांत गेले. २००७ सालच्या एका आनुवंशिक अभ्यासांत असें दिसलें, कीं आशियाच्या मुख्य भूमीवर तिच्यांत वैचित्र्य पुष्कळ आहे. युरोप-अमेरिकेच्या घरांतील बुरशी मात्र एकाच जवळच्या कुळांतली आहे. बहुधा व्यापाराच्या लांकडांतून मनुष्यानेंच तिला नेलें असावें. थंड, दमट, वारा नसलेलें तळघर आणि त्यांत पाइनच्या फळ्या, म्हणजे पहाडांतला पडलेला ओंडकाच शहरांत आणून ठेवल्यासारखें झालें.

त्या पहाडांत मात्र ती दुर्मिळच आढळते. अलीकडे पुष्कळ जाणकार कापाकापीपेक्षां गळती बंद करून वारा खेळता ठेवण्यावर भर देतात; ओल हटली कीं तिच्या दोऱ्या जागच्या जागीं वाळतात.