बॉम जेझुस : घर कोणाचे?

जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेकडे निघालेल्या यात्रेकरूस कोठे चाललात असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : सायबाच्या दर्शनाला. गोमंतकीय जनतेने संत फ्रान्सिस झेवियर यांना ‘गोंयचो सायब’ म्हटले आणि त्या प्रेमात धर्माचा वा जातीचा भेद मानला नाही. या भक्तीविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि मंदिराचे नाव त्या संताचे नाही. ‘बॉम जेझुस’ म्हणजे भला येशू. हे मंदिर बाळ येशूस अर्पण केलेले आहे. नाव आणि लौकिक यांमधील हे अंतर ध्यानी घेऊन वास्तू पाहिली, तर तिच्या दगडालाकडांत एक सुसंगत धर्मशिक्षण सामावले आहे असे दिसून येते.

प्रथम कालक्रम पाहू. मंदिराची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि आर्चबिशप आलेशो दे मेनेझिस यांनी १५ मे १६०५ रोजी त्याचे पवित्रीकरण केले. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियन बेटावर निवर्तले होते व १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आला होता. परंतु तो ठेवला गेला सेंट पॉल महाविद्यालयात. बॉम जेझुसमध्ये तो आणला गेला तो १६२२ साली संतपद घोषित झाल्यानंतर. म्हणजे हे घर संताच्या समाधीसाठी बांधलेलेच नव्हते. घर आधी येशूचे होते; संत त्यात मागाहून वस्तीस आला.

दर्शनी भाग हेच सांगतो. खाली तीन दरवाजे, वर खिडक्यांच्या रांगा, त्यांवर वर्तुळाकार गवाक्षे आणि सर्वांच्या माथ्यावर कोरीव चौकटीत तीन अक्षरे : आय. एच. एस. येशूच्या ग्रीक नावातील ही आद्याक्षरे येशूसंघाने आपली मुद्रा म्हणून स्वीकारली होती. भिंती स्थानिक जांभ्याच्या आहेत. पण नक्षीसाठी लागणारा काळा बसाल्ट वसईकडून आणला गेला. उत्तर कोकणातील पाषाणाने गोव्यात येशूचे नाव धारण केले, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती वाचकास सुखावणारी आहे. याच काळात, याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स ते नाव मराठी ओवीत गुंफीत होते; त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले.

आत प्रवेश करावा. मंदिर सुमारे १८३ फूट लांब व ५५ फूट रुंद असून आतील रचना साधी आहे. उत्तरेकडील भिंतीशी दाते दों जेरोनिमो मास्कारेन्यस यांचे स्मारक आहे. कोचीनचे कप्तान असलेल्या या गृहस्थांच्या देणगीतून मंदिर उभे राहिले. समोरच्या भिंतीवर लाकडी प्रवचनपीठ आहे. त्यावर येशू, चार शुभवर्तमानकार आणि ख्रिस्तसभेचे चार आचार्य कोरलेले आहेत. उपदेशकाने कोणाच्या आधारावर उभे राहून बोलावे, हे आम्हां धर्मगुरूंस त्याहून स्पष्टपणे कोण सांगणार?

मुख्य वेदीमागील सोनेरी पटलावर मधोमध संत इग्नेशियस यांची भव्य मूर्ती आहे. तिच्या पायथ्याशी बाळ येशूची लहानशी मूर्ती आहे. प्रथमदर्शनी वाटते, शिष्य मोठा आणि प्रभू लहान, हा काय क्रम? परंतु इग्नेशियस यांची दृष्टी पाहावी. ते भाविकांकडे पाहत नाहीत. त्यांचे नेत्र वर लागले आहेत. वर सूर्यबिंबात तीच तीन अक्षरे झळकतात आणि त्याही वर पवित्र त्रैक्य विराजमान आहे. संताची थोरवी त्याच्या दृष्टीच्या दिशेत आहे, हे शिल्पकाराने एकाही शब्दावाचून सांगितले आहे.

संत फ्रान्सिस यांची समाधी मात्र दक्षिणेकडील बाजूच्या भागात आहे. गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडविलेल्या रुप्याच्या पेटीवर संतचरित्रातील ३२ प्रसंग उठविले आहेत. तिच्याखालील संगमरवरी चौथरा टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांची भेट असून शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी तो फ्लॉरेन्समध्ये घडविला व १६९८ साली तो येथे उभारला गेला. त्याच्या ब्राँझ पटांत उपदेश, बाप्तिस्मा, छळ आणि बेटावरील एकाकी मरण दिसते. फ्लॉरेन्स आणि गोवा येथील हात एका समाधीत गुंफले गेले. तरीही ती बाजूसच राहिली, वेदीची जागा तिने घेतली नाही.

या वास्तूवर आणखी एक संकट आहे. पूर्वी जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, वास्तूस प्राचीन रूप यावे या हेतूने तो काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र असतो; गोव्याच्या पावसात उघडा राहिला की पाणी शोषून झिजतो. २०२० साली बॅसिलिकेच्या रेक्टरांनी जाहीर इशारा देऊन गिलावा पुन्हा द्यावा, अशी मागणी केली. आज छायाचित्रांत सर्वांस प्रिय झालेला तो तांबूस चेहरा बांधणाऱ्यांनी कल्पिलेला नव्हता. डोळ्यांस रुचते म्हणून भिंत उघडी ठेवणे आणि डोळ्यांस दिसते म्हणून पेटीपाशीच थांबणे, या दोन्हींमागे वृत्ती एकच आहे : घर काय म्हणते ते न ऐकता आपल्याला हवे ते त्यात पाहणे. सेंट पॉल महाविद्यालयाची आज एक कमान तेवढी शिल्लक आहे. दगड कायमचे टिकतात असे समजण्याचे कारण नाही.

दर दहा वर्षांनी होणारे पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत झाले. त्या काळात अवशेष जवळच्या से कॅथेड्रलमध्ये होते. बॉम जेझुसमधील समाधी रिती होती, पण दर्शनी भागावरील व वेदीवरील नाव जागच्या जागी होते. यात्रेस लोकांना घेऊन जाणाऱ्या आमच्या धर्मगुरुबंधूंस म्हणून विनंती आहे की, त्यांना प्रथम मुख्य वेदीसमोर गुडघे टेकू द्यावेत, इग्नेशियस यांची दृष्टी दाखवावी आणि नंतर दक्षिणेकडे वळवावे. ज्या प्रभूसाठी सायब सांशियनपर्यंत गेले त्याला आधी वंदन केलेले सायबांनाही अधिक आवडेल, यात आम्हांस शंका नाही.