दृश्यसंयोग
पृथक् चित्रित केलेले दृश्यखंड एकाच चौकटीत एकजीव करण्याची चित्रपटीय क्रिया. संगणकाचा मागमूसही नसताना दादासाहेब फाळके यांनी ‘कालिया मर्दन’सारख्या (१९१९) मूकपटांतून युक्तिचित्रणाचे असे चमत्कार रूढ केले; झाकलेल्या भागावर, फीत मागे फिरवून, दुसरे दृश्य उमटविणे ही त्या काळची एक हिकमत होय. आता वाशीमच्या पद्मतीर्थाकाठी चालत टिपलेल्या दृश्यात जळावर कमळ उमलवावयाचे झाल्यास, काठच्या दगडांचे ठळक कोपरे चौकटीगणिक कसे सरकतात याचा संगणकाद्वारे माग घेऊन तीच गती कमळास द्यावी लागते; सेकंदास २४ प्रमाणे पाच सेकंदांच्या १२० चौकटी भरतात. माग मात्र दगडांचाच घ्यावा, कारण चंचल पाणी हमखास दगा देते; आणि छाया-वर्ण न जुळल्यास कमळ डकवलेलेच भासते.