घरातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये मोठ्या फाइल्स कशा पाठवायच्या?

कोल्हापुरात ऑगस्ट 2019 मध्ये आणि परत जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं. म्हणून निकाहचे व्हिडिओ, मरहूम वालिदांचे फोटो, कागदपत्रांचे स्कॅन एकाच कॉम्प्युटरवर ठेवू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, शक्यतो वरच्या मजल्यावर, एक कॉपी हवीच.

पेनड्राइव्ह: 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर तो बहुधा फॅट32 प्रकारचा असतो. त्यातला डेटा आधी काढून घ्या, मग एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं.

लॅन केबल: मोठ्या डेटासाठी ही उत्तम. दोन्ही कॉम्प्युटर राउटरला जोडा. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधून शेअरिंग सुरू करा. सगळीकडे गिगाबिट पोर्ट असतील तर 50 जीबी आठ-दहा मिनिटांत जातात. जुन्या 100 एमबीपीएस पोर्टवर तासाहून जास्त लागतो.

वायफाय: असंच शेअरिंग चालतं, पण बहुधा हळू. फाइल घरातल्या राउटरमधूनच जाते, त्यामुळे इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही.

शेवटचं: ‘कट’ नको, ‘कॉपी’ करा. दुसरीकडे दोन-चार फाइल्स उघडून बघा. आणि पहिली कॉपी पुसू नका. दोन ठिकाणी असेल तरच ती सलामत.