वाड्यात उंदीर पडला आहे

एप्रिल 1897. तुम्ही पुण्यात, पेठेतल्या एका वाड्यात बिऱ्हाड करून आहात. पहाटे मोरीजवळ उंदीर मरून पडलेला दिसतो. आधी उंदीर पडतात, मग माणसं. मुंबईच्या मांडवीत गेल्या सप्टेंबरात प्लेग आला तेव्हा हेच झालं. तुम्ही गंधकाची धुरी देता, पाणी उकळता आणि उंदराला शेपटीनं उचलून उकिरड्यावर टाकता. थंड पडलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा नवं ऊन रक्त शोधत निघतात, हे तुम्हाला कोण सांगणार? सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर कराचीत ते शोधून काढेल पुढच्या वर्षी, 1898 मध्ये.

संध्याकाळी शेजारच्या काकू दार लोटून आत येतात. पोराला ताप आहे, जांघेत गाठ आलीय. "कुठं बोलू नका हो भाऊ, सोजीर उचलून नेतील." त्यांचं भय खोटं नाही. 13 मार्चपासून प्लेग कमिटीचा प्रमुख रँडसाहेब याचे गोरे शिपाई माजघरापर्यंत घुसताहेत, सामान बाहेर फेकताहेत, बायामाणसांना चारचौघांत तपासताहेत. असल्या सरकारवर कोण विश्वास ठेवील? रोगी लपवणाऱ्या पुणेकरांना नुसता दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. रँडच्या जुलमानंच रोग माळ्यावर आणि कोठीत दडवला.

पण त्याच वाड्यात इतरांचीही लेकरं निजतात.

रातोरात साताऱ्याला बहिणीकडे निघावं, असं तुमच्या मनात येतं. वळकटी बांधूनही होते. त्या वळकटीतून पिसवा बहिणीच्या घरी पोचतील, आणि हा धोका तिनं पत्करलेला नसेल.

गेल्याच महिन्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा यशवंतराव डॉक्टर. त्यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना मांडला होता. मुंढव्याच्या एका आजारी पोराला बाईंनी पाठीवर घेऊन तिथं पोचवलं. वय सहासष्ट. लागण झाली आणि 10 मार्चला त्या वारल्या. जोखीम त्यांना दिसत होती. ती त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतली, दुसऱ्याच्या दारात ठेवली नाही.

तेव्हा वळकटी सोडा. टिळकांच्या पुढाकारानं हिंदू प्लेग इस्पितळ उघडलंय, तिथं आपली माणसं शुश्रूषा करतात. शेजाऱ्यांना खरं काय ते सांगा, वाडा रिकामा करून गावाबाहेर झोपड्यांत राहायला लावा. आणि काकूंना म्हणा, "पोराला घ्या, मी बरोबर येतो."