मधला भाग किती फुगेल?

मुद्रितशोधनात माझी हयात गेली. खिळ्यांच्या काळात मालिका लिहिणारा लेखक छापखान्यात आला, की मालक आधी विचारायचे, "एकूण फर्मे किती होतील?" कागदाची तजवीज त्यावर ठरायची. लेखक छातीठोकपणे आकडा सांगत. मी मात्र त्यांच्याकडून तपासून आलेल्या गॅल्या, म्हणजे कच्ची मुद्रितं, बघायचो. नुसते ऱ्हस्वदीर्घ सुधारले असतील, तर आकडा खरा धरायचा. समासात नवी वाक्यं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवे परिच्छेद दिसले, तर पुढचे खंडही वाढणार हे नक्की.

या खुणेचा सगळ्यात मोठा दाखला मार्सेल प्रूस्तचा. १९१३च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या ग्रासे यांनी त्याच्या कादंबरीचा पहिला खंड काढला, तोही लेखकाच्याच खर्चाने. सगळं मिळून तीन खंड होतील, असं त्यात जाहीर केलं होतं. प्रूस्त थापा मारत नव्हता. पहिलं प्रकरण झाल्याबरोबर त्याने शेवटचं लिहून ठेवलं होतं, म्हणजे दोन्ही टोकं पक्की होती. पण त्या खंडाची मुद्रितं जपून ठेवलेली आहेत, ती पाहावीत. छापील ओळी खोडलेल्या, समास भरलेले आणि जागा संपली तिथे चिकटवलेले जादा कागद. पुढे हस्तलिखिताच्या वह्यांतही तो अशाच पट्ट्या डकवत गेला. काही पट्ट्या उलगडल्यावर मीटरभराहूनही लांब भरतात. जुळाऱ्याने त्या कशा वाचल्या असतील, या विचाराने आजही माझा जीव कळवळतो.

मग महायुद्ध आलं आणि छपाई थांबली. त्याआधी, १९१४च्या मे महिन्यात, प्रूस्तचा लाडका सचिव आगोस्तिनेली विमान अपघातात गेला होता. ते दुःख कादंबरीतल्या अल्बर्तीन या पात्राच्या कथेत उतरलं आणि मधला भाग फुगतच गेला. तिनाचे सात भाग झाले. प्रूस्त १९२२मध्ये वारला. शेवटचा भाग १९२७मध्ये निघाला.

झोलाची गोष्ट निराळी. रूगों-माकार मालिकेचा त्याचा पहिला आराखडा दहा कादंबऱ्यांचा होता. १८७१ ते १८९३ या काळात वीस झाल्या. पण तिथे विषय वाढले. मंडई, कोळशाची खाण, रेल्वे, शेअरबाजार असा प्रत्येकीचा मुलूख वेगळा आणि प्रत्येक कादंबरी आपल्यापुरती पुरी होणारी. अशी वाढ वाचकाला अडकवून ठेवत नाही.

रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'ने मात्र अडकवलं. मुळात तीन पुस्तकांचा बेत, शेवटचा प्रसंग ठरलेला, पहिलं पुस्तक १९९०चं. दहाव्या पुस्तकाचा बराचसा भाग नवव्याच्याच काळात घडतो. २००७मध्ये जॉर्डन गेला. उरलेलं एक पुस्तक ब्रँडन सँडरसनकडे आलं, त्याची तीन झाली आणि २०१३मध्ये चौदाव्या पुस्तकावर मालिका संपली.

"मला शेवट ठाऊक आहे" असं लेखक म्हणतो ते खरंच असतं, पण लांबीच्या हिशेबात त्याला मी काडीचंही वजन देत नाही. चालू मालिकेचा अंदाज बांधायचा असेल, तर शेवटचे दोन खंड शेजारी ठेवा आणि कथेतले किती दिवस पुढे सरकले ते मोजा. दिवस कमी आणि पानं जास्त भरली, तर जाहीर आकड्याच्या दुप्पट धरून चाला.