क्लासिक : रोमच्या करवहीतून आलेले विशेषण

क्लासिक चित्रपट, क्लासिक कादंबरी, ‘हे तर क्लासिक उदाहरण’. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश अशा कितीतरी युरोपीय भाषांत थोड्याफार फरकाने आढळणारे हे विशेषण आता मराठीतही रुळले आहे. त्याचा जन्म मात्र काव्यशास्त्रात झाला नाही. तो झाला प्राचीन रोममध्ये, नागरिकांच्या मालमत्तेची नोंद ठेवणाऱ्या वहीत. आजचा धागा या शब्दाचा.

परंपरा सांगते की इ.स.पू. सहाव्या शतकात राजा सर्व्हिअस टुलिअस याने रोमन नागरिकांची मालमत्तेनुसार पाच वर्गांत विभागणी केली. अशा वर्गाला लॅटिनमध्ये ‘क्लासिस’ म्हणत. युद्धावर येताना कोणी कोणती शस्त्रे आणायची आणि मतदानात कोणाचा कौल आधी घ्यायचा, हे वर्गावरून ठरे. (राजाच्या नावावर असलेली ही व्यवस्था प्रत्यक्षात बरीच नंतर पूर्णत्वास गेली असावी.)

मते माणशी मोजली जात नसत, गटागटाने मोजली जात. एकूण गट १९३. त्यांतले १८ घोडेस्वारांचे आणि ८० पहिल्या वर्गाचे. हे ९८ एकत्र आले की निकाल लागला. खालच्यांना विचारण्याचे कारणच उरत नसे. पाचही वर्गांच्या खाली असलेल्या साऱ्या निर्धनांना मिळून गट १. त्यांचे नाव ‘प्रोलेटारिउस’, कारण राज्याला देण्यासारखे त्यांच्यापाशी ‘प्रोलेस’, म्हणजे संतती, एवढेच होते. पुढे मार्क्सच्या लेखनाने जगभर नेलेला ‘प्रोलेटारिअट’ तो हाच.

आणि ‘क्लासिकुस’? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेखक ऑलस गेलिअस सांगतो की पाचही वर्गांतल्या लोकांना हे विशेषण लागत नसे. १,२५,००० आस (रोमन नाणे) किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या पहिल्या वर्गालाच ते लागे. बाकीचे सगळे ‘वर्गाखालचे’.

हा शब्द साहित्यात शिरला, त्याची नोंदही गेलिअसच्याच ग्रंथात सापडते, आणि प्रसंग मोठा गमतीचा आहे. सम्राट मार्कस ऑरेलिअस याचा शिक्षक फ्रॉन्टो याच्या घरी मंडळी बसली आहेत. एक कवी सांगतो की गरम ‘वाळूं’च्या उपचाराने त्याचा जलोदर बरा झाला. फ्रॉन्टो त्याला थट्टेने म्हणतो की रोग गेला, भाषेतला दोष राहिला. लॅटिनमधल्या वाळूला अनेकवचन नाही, असे ज्युलिअस सीझरने व्याकरणावरील ग्रंथात म्हटले होते. (मराठीतही आपण ‘वाळवा’ म्हणत नाही.) चर्चेच्या शेवटी फ्रॉन्टो सुचवतो की सवड मिळेल तेव्हा शोधा, जुन्या वक्त्यांपैकी किंवा कवींपैकी कोणी असे अनेकवचन वापरले आहे का. मात्र तो लेखक ‘क्लासिकुस’ हवा, ‘प्रोलेटारिउस’ नको.

ही उपमा करवहीची आहे. भरभक्कम मालमत्तेचा करदाता जसा विश्वासार्ह, तसा अमुक लेखक भाषेच्या बाबतीत विश्वासार्ह. माझ्या मते ही निरुपद्रवी कोटी नाही. ‘प्रमाण भाषा कोणाची?’ या प्रश्नाला इथे संपत्तीच्या शब्दांत उत्तर मिळाले आहे.

त्यानंतर साहित्यिक अर्थाने हा शब्द हजाराहून अधिक वर्षे जवळजवळ निद्रिस्त राहिला. १४६९ मध्ये गेलिअसचा ग्रंथ रोममध्ये छापला गेला, आणि सोळाव्या शतकातील विद्वानांनी शब्द पुन्हा उचलला. १५४८ मध्ये तोमा सेबिये या फ्रेंच लेखकाने आपल्या काव्यशास्त्रात तो वापरला, तोही होमर किंवा व्हर्जिलसाठी नव्हे, तर जाँ द मं आणि आलँ शार्तिए या मध्ययुगीन फ्रेंच कवींसाठी. लॅटिनच्या दरबारात लोकभाषेने स्वतःची खुर्ची मांडली ती लॅटिनच्याच शब्दाने! या साऱ्या प्रवासातला माझा सर्वांत आवडता टप्पा हा.

पुढे वर्ग म्हणजे शाळेचा वर्ग, अशीही समजूत शब्दाला चिकटली: वर्गात शिकवला जातो तो क्लासिक. फ्रेंचांनी आपला क्लासिक काळ चौदाव्या लुईच्या राजवटीत पाहिला, जर्मनांनी १८००च्या आसपासच्या वायमारमध्ये, गटे आणि शिलर यांच्या लेखनात. इंग्रजी विद्यापीठांत मात्र ‘क्लासिक्स’ म्हणजे आजही ग्रीक आणि लॅटिन. १८५० मध्ये सँत-बव्ह या फ्रेंच समीक्षकाने ‘क्लासिक म्हणजे काय?’ असा निबंधच लिहिला आणि सुरुवातीलाच गेलिअसची आठवण काढली.

मराठीने या शब्दाची वाटणी केली. संगीत ‘शास्त्रीय’, चित्रपट ‘क्लासिक’, भाषा ‘अभिजात’. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला जो दर्जा दिला, त्यातला ‘अभिजात’ हा संस्कृत शब्द. मूळ अर्थ उच्च कुळात जन्मलेला. रोमने मालमत्ता मोजली, आपण निवडलेला शब्द जन्म मोजतो. जात आणि रोमन मालमत्तावर्ग एक नव्हेत, हे मान्य. पण या दर्जामागे उभ्या असलेल्या साहित्यात शिंपी नामदेव आहेत, दासी जनाबाई आहे, आणि ज्याची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर नामदेव पायरीसमोर आहे तो चोखामेळाही आहे. फ्रॉन्टोने यांना कोणत्या रकान्यात लिहिले असते?